हीट मारलेली चिप

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या वाट्याला कौतुकाचे क्षण फारसे येत नाहीत. आमचा बराचसा वेळ धूळ काढण्यात, हरवलेले स्क्रू शोधण्यात आणि 'साहेब, काल रात्रीपर्यंत चालू होता' हे वाक्य ऐकण्यात जातो. तरीही एक क्षण असा येतो की काउंटरपलीकडे उभा असलेला माणूस अभावितपणे पुढे झुकतो. अनेक दिवस काळा राहिलेला पडदा उजळतो आणि त्या उजेडात त्याचा चेहराही उजळतो. या क्षणाला आम्ही 'डिस्प्ले आला' म्हणतो. या दोन शब्दांसाठी मी पुष्कळ वर्षे काम केले. या दोन शब्दांसाठी मी खोटेही बोललो. संपादकांनी मला गमतीदार अनुभव लिहायला सांगितले होते. ते थोडे लिहितो आणि मग ज्याच्यासाठी लिहायला बसलो आहे त्याकडे वळतो.

माझे दुकान मेहकरला, बसस्थानकामागच्या गल्लीत आहे. मी मुळात टीव्ही दुरुस्त करणारा. लॅपटॉप गावोगाव पोहोचले तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती आणि ही विद्या मी पुण्याच्या एका महिन्याच्या वर्गात व पुढे ग्राहकांच्याच यंत्रांवर शिकलो. लॅपटॉपचा पहिला शत्रू उष्णता. आत बोटभर उंचीचा एक पंखा असतो. तो खालून हवा ओढतो आणि बाजूच्या जाळीतून गरम हवा बाहेर फेकतो. ती वाट बंद झाली की यंत्र आतल्या आत शिजते. आमच्याकडे ही वाट बंद करणाऱ्या वस्तू प्रदेशाला साजेशा आहेत. जिनिंगमधल्या मुनीमजींच्या लॅपटॉपमधून दरवर्षी दोन-चार वातींपुरता कापूस निघतो. शेगावच्या एका लॉजचे व्यवस्थापक त्यांचे यंत्र घेऊन आले, तेव्हा जाळीमागे राखेचा घट्ट थर बसलेला होता. तपास केल्यावर कळले की ते लॅपटॉप दिवसभर गादीवर ठेवत आणि त्याच्या शेजारी उदबत्तीचे घर.

"मंग उदबत्ती बंद करू काय?" त्यांनी गंभीरपणे विचारले.

"गादी बंद करा," मी म्हणालो. "टेबलावर ठेवा."

"टेबलावर रजिस्टर अस्ते ना, साहेब," ते म्हणाले, आणि पुढल्या वर्षी पुन्हा राख घेऊन आले.

धुळीचा आजार सोपा. खरा आजार त्याच्या पुढचा. पडद्यावर चित्र उमटवण्याचे अवघड काम ज्या चिपकडे असते, ती इतरांपेक्षा जास्त तापते. तिच्या पोटाखाली मोहरीहून बारीक अशा शेकडो कथलाच्या गोळ्या असतात, आणि तिच्या स्वतःच्या आत त्याहूनही सूक्ष्म सांधे असतात. रोज तापणे आणि रोज निवणे यांत ते सांधे फुगतात, आक्रसतात आणि एक दिवस एखादा तडकतो. मग पडद्यावर रेघा येतात, किंवा कंपनीचे चिन्ह दिसून पुढे नुसता काळोख.

अशा चिपवर आम्ही गरम हवेची बंदूक धरतो. बोली भाषेत याला 'हीट मारणे' म्हणतात. बाजूच्या भागांवर चंदेरी पट्टी लावायची, चिपवर थोडा पातळ चिकट द्रव सोडायचा आणि हवेचा झोत गोल गोल फिरवत राहायचे. योग्य क्षणी थांबायचे. निवल्यावर बटण दाबले की दहातल्या सात वेळा डिस्प्ले येतो. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगा तांब्याभर पाण्याने मिटल्यासारख्या दिसतात ना, तसाच हा चमत्कार आहे. भेग मिटत नाही, तिच्या कडा तेवढ्या एकमेकींना टेकतात. पुन्हा तापले की पुन्हा उघडतात. कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. हे मला ठाऊक होते. या धंद्यात प्रत्येकालाच ठाऊक असते. म्हणून हीट मारलेल्या यंत्राला आम्ही एक महिन्याची हमी देतो, कारण महिना बहुधा निघतो.

हे ओळखलेला एकच ग्राहक मला भेटला. तो बीबी गावचा, लग्नांचे चित्रीकरण करणारा गजू. त्याचा लॅपटॉप लग्नसराईत दीड-दीड महिन्याला माझ्याकडे यायचा.

"साहेब, याले पुन्हा ताप आला," तो म्हणायचा.

"काम फार देतोस त्याला."

"काम देतो म्हून आन्तो का मी? तुमी याले निस्ता शेक देता. बरा नाही करत. मले मालूम हाय." मग पिशवीतून लग्नातला बुंदीचा लाडू काढून काउंटरवर ठेवायचा. "पन डिस्प्ले आनून देता, हे बी खरं हाय. मारा हीट."

गजूला फसवले असे मी म्हणणार नाही. तो सगळे समजून यायचा. बाकीच्यांना मात्र मी ते समजू दिले नाही. 'मेहकरले एक मानूस हाय, मेलेलं उठवते' असे लोक लोणारपासून चिखलीपर्यंत म्हणत. ते माझ्या कानांवर येई आणि मी ते ऐकले नाही असे दाखवी.

आता वैशालीविषयी.

सुलतानपूरच्या ज्ञानदेवरावांची ही मुलगी. त्यांचे घर भाजीपाल्याचे, उन्हाळ्यात भेंडी-गवार, हिवाळ्यात वांगी-कोबी. वैशालीने यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेतली होती आणि लॅपटॉपवर यंत्रांच्या भागांची त्रिमिती रेखाचित्रे काढण्यात तिचा हात चांगला बसला होता. असे रेखाचित्र पडद्यावर फिरवून पाहताना चित्राच्या चिपवर सर्वांत जास्त ताण पडतो. मार्चच्या अखेरीस ती लॅपटॉप घेऊन आली. कंपनीचे चिन्ह दिसत होते आणि पुढे काळोख.

तिच्या लॅपटॉपमध्ये चित्रासाठी दोन सोयी होत्या. एक ही ताकदवान चिप आणि दुसरी मुख्य प्रोसेसरच्या पोटातली साधी. आजारी चिप कायमची बंद करून टाकली, तर साध्या सोयीवर यंत्र चालते. रेखाचित्र फिरवताना अडखळते, पण चालते. त्याला उघडावे लागत नाही, बंदूक लागत नाही. दहा मिनिटांचे काम. मी ते केले नाही. 'चिप बंद करून दिली आहे, जरा हळू चालेल' असे सांगताना कोणाचा चेहरा उजळत नाही. मी हीट मारली. डिस्प्ले आला. तिने तिथेच एक गिअरचे चित्र उघडून गरगर फिरवून पाहिले.

"काका, पहिल्यासारखा झाला," ती म्हणाली.

"आता निर्धास्त राहा," मी म्हणालो. हे माझे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. पुण्याच्या एका कारखान्याच्या आरेखन विभागात पहिल्या फेरीत तिची निवड झाली होती. आता उद्या घरूनच अडीच तासांची चाचणी. चार रेखाचित्रे काढायची, कॅमेरा सुरू, खोलीत दुसरे कोणी नको. कंपनीने तिच्या लॅपटॉपची आधीच तपासणी करून नोंद केली होती, त्यामुळे ऐन वेळी दुसरे यंत्र चालणार नव्हते. "काल सराव करताना एकदा रेघा आल्या, काका. मग गेल्या. काही होणार तर नाही ना?"

रेघा म्हणजे काय हे मला ठाऊक होते. "मी सकाळी येऊन पाहतो," मी म्हणालो.

मी नऊच्या सुमारास सुलतानपूरला पोहोचलो. एप्रिलचे ऊन तेव्हाच अंगात शिरत होते. ज्ञानदेवराव ओट्यावर भेंडी निवडून कॅरेटमध्ये भरत बसले होते. वैशालीने टेबल भिंतीशी लावले होते, मागे पांढरी चादर बांधली होती. मी पंखा साफ केला, लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून खालून हवेला वाट करून दिली. चिपचे तापमान पाहिले. काहीही न करता ती जेवढी तापायला हवी, त्याहून कितीतरी अधिक तापलेली होती.

वैशालीने फोनवरचा संदेश मला दाखवला. तांत्रिक अडचण असेल तर चाचणीच्या एक तास आधीपर्यंत कळवावे, दुसरी तारीख मिळेल, असे त्यात लिहिले होते. चाचणी अकराला होती. घड्याळात साडेनऊ झाले होते.

"काका, खरं सांगा. टिकेल ना?" ती म्हणाली. "नसेल टिकत तर मी आताच कळवते. दुसरी तारीख मागते. त्याचं काही वाटणार नाही."

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात क्वचितच कोणी विचारला असेल. 'टिकणार नाही' म्हटले असते तर 'का?' हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर मार्चमध्ये माझ्या दुकानात घडले होते. वडील ओट्यावरून आत पाहत होते. ऐन परीक्षेच्या तोंडावर तिचा धीर खचू नये, असे मी स्वतःला समजावले. ते समजावणे मला तेव्हाही पुरते पटले नव्हते.

"टिकेल," मी म्हणालो.

चिप तेव्हाही बंद करता आली असती. पण मग चित्र अडखळले असते आणि तिने कारण विचारले असते.

अकराला दार लागले. मी ओट्यावर, खिडकीखाली बसलो. खिडकीतून दोनच आवाज येत होते, माऊसची टिकटिक आणि पंख्याची घरघर. चित्र फिरवले की पंख्याचा सूर चढतो, विचार करायला थांबले की उतरतो. त्या सुरावरून ती काय करते आहे हे मला समजत होते. चढला, उतरला. पुन्हा चढला.

"तुमी काऊन एवढे घामेजले, भाऊ?" ज्ञानदेवरावांनी विचारले.

"ऊन आहे."

"ऊन तं मले बी हाय." त्यांनी एक जून भेंडी बाजूला टाकली. "पोरगी म्हन्ते, काकांनी केलं म्हंजे पक्कं. मी म्हनलो, मशीनचं काय पक्कं अस्ते व्हय? ते म्हने, बाबा, तुमाले नाही समजत."

माझे कान खिडकीला होते.

"पुन्याले गेली तं मंग कायले येते इकडं," ते पुढे म्हणाले. "पन जाऊ दे. तिच्या मायनं भेंडीच तोडली जिंदगीभर. हिनं कशाले तोडावी?"

बारा वाजले. मग साडेबारा. सूर चढत होता, उतरत होता. मला वाटू लागले की निभावले. माणसाचे मन किती लवकर स्वतःला माफ करायला निघते हे त्या अर्ध्या तासात मी पाहिले. संध्याकाळी दुकानात जाऊन कोणाला काय सांगायचे, याची जुळवाजुळवही मनात सुरू झाली होती.

मग सूर चढला आणि उतरलाच नाही. टिकटिक थांबली होती. विचार करायला थांबली असती तर सूर खाली यायला हवा होता. तो तसाच, एका पट्टीत, ताणलेला राहिला.

दार उघडले. वैशाली उंबऱ्यात उभी होती. ती ओरडली नाही की रडली नाही. "काका, पडदा काळा झाला," एवढेच म्हणाली.

संपर्क तुटल्यास पंधरा मिनिटांत परत जोडून घ्यायचे, असा नियम होता. मी टेबलाशी बसलो. पिशवीत गरम हवेची बंदूक होती. मी ती आणली होती. का आणली होती, हे वाचकांनी ओळखले असेल. तिच्याकडे माझा हात गेलाही. पण निवायलाच वीस मिनिटे लागली असती. मी यंत्र बंद केले, कमीत कमी गोष्टींवर चालणाऱ्या साध्या अवस्थेत पुन्हा सुरू केले, आत जाऊन ती चिप बंद केली आणि आणखी एकदा सुरू केले. घाईत एक कळ दोनदा चुकली. वैशाली माझ्या मागे उभी राहून घड्याळ पाहत होती आणि दर मिनिटाला हलक्या आवाजात सांगत होती, "सात झाली. आठ झाली."

अकराव्या मिनिटाला डिस्प्ले आला. या वेळी मला काहीच वाटले नाही.

मी बाहेर आलो. ती पुन्हा जोडली गेली. तीन चित्रे आधीच पाठवलेली होती, चौथे राहिले होते. आता प्रत्येक भाग फिरवायला यंत्राला वेळ लागत होता. माऊस टिकटिकत होता, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा टिकटिक. दीड वाजता ती बाहेर आली. "चौथं अर्धंच झालं. पण तुम्ही होते म्हणून एवढं तरी झालं, काका," ती म्हणाली.

तेव्हा मी बोलायला हवे होते. मी मान हलवली. ज्ञानदेवरावांनी निवडलेल्या भेंडीतली चांगली दोन किलो पिशवीत भरून माझ्या गाडीला अडकवली. मी ती घरी नेली. पत्नीने भाजी केली आणि मी ती जेवलो.

दहा दिवसांनी वैशालीने फोन करून निकाल सांगितला. निवड झाली नव्हती. "चौथं चित्र अपूर्ण होतं ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर कदाचित मी गप्प बसू शकलो असतो. त्या रविवारी मी सुलतानपूरला गेलो आणि त्याच ओट्यावर बसून बापलेकींना सगळे सांगितले. हीट म्हणजे काय, ती किती दिवस टिकते, मला ते कधीपासून ठाऊक होते, आणि साडेनऊला दिलेले उत्तर मी कोणासाठी दिले होते.

वैशाली खाली पाहत ऐकत होती. शेवटी तिने एकच गोष्ट विचारली. "ती चिप बंद करून चालतो, हे मार्चमध्येही माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग मी त्याच्यावरच सराव केला असता. हळू तर हळू. हात बसला असता." एवढे बोलून ती आत गेली.

ज्ञानदेवराव हातातल्या गवारीच्या शेंगांचे देठ मोडत राहिले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "मंग भेंडी काऊन नेली हो?"

रागाचे अनेक शब्द मी धंद्यात ऐकले आहेत. त्यांतला एकही मला एवढा लागलेला नाही.

तेव्हापासून मी चित्राच्या चिपवर हीट मारत नाही. जिथे चिप बंद करून यंत्र चालते तिथे ती बंद करून देतो आणि हळू चालेल हे आधी सांगतो. जिथे ते जमत नाही तिथे 'होणार नाही' म्हणतो. नवी चिप बसवून द्या म्हणणाऱ्यांना हेही सांगतो की बाजारात नवी म्हणून मिळणारी पुष्कळदा दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढून घासूनपुसून आलेली असते. लोक ऐकून घेतात आणि दुसऱ्या दुकानात जाऊन हीट मारून घेतात. मेलेले उठवणारा माणूस आता मेहकरला दुसरा आहे. गजू एकदा आला, माझे म्हणणे ऐकले आणि लाडू पुढे सरकवत म्हणाला, "साहेब, तुमचा हात गेला का हिंमत गेली?" मी म्हणालो, "हिंमत आत्ता कुठे येऊन राह्यली." तो हसला आणि यंत्र घेऊन दुसरीकडे गेला. लाडू मात्र ठेवून गेला.

वैशालीला पुढे खामगावच्या एका कारखान्यात काम मिळाले. पुण्याच्या मानाने लहान, पण रेखाचित्रांचेच. तिने नवे यंत्र घेतले तरी तो जुना लॅपटॉप टाकला नाही. घरी करायची रेखाचित्रे ती त्यावरच करते आणि दर उन्हाळ्याच्या तोंडावर पंखा साफ करायला माझ्याकडे आणते. दुसऱ्या कोणाकडे का नेत नाही, हे मी कधी विचारलेले नाही. मी तो उघडतो. चिपभोवतीचा बोर्ड माझ्या झोताने तपकिरी झालेला आहे, तो डाग कशानेही निघत नाही. चिप बंद आहे. यंत्र चालते आहे, हळू, पण पाच वर्षांत एकदाही काळे पडलेले नाही.

यंदा मार्चमध्ये ती आली. मी पंखा पुसला, झाकण लावले आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने तो पिशवीत ठेवता ठेवता सहज विचारावे तसे विचारले, "काका, टिकेल ना?"

"सांगता येत नाही, वैशाली," मी म्हणालो. "वर्ष काढेल, नाहीतर उद्याही जाईल. कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवत जा."

तिने पर्स उघडली आणि त्यातून एक पेनड्राइव्ह काढून मला दाखवला. "तुमच्याकडं यायच्या आधीच उतरवते," ती म्हणाली. "दरवर्षी."